‘एसेस हाय’ चार वेळा : सत्तरीतला बँड लाइव्ह ऐकताना

नेहमीसारखंच, भाग रेकॉर्ड झाल्यावर मी हे टाइप केलंय. अडखळणं आणि ‘अं... अं...’ काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. प्रश्न असा : आवडता बँड सत्तरीला टेकलाय. भारतात येण्याची चिन्हं नाहीत. तिकीट, व्हिसा, विमान असं सगळं धरलं तर लाखाच्या वर खर्च. आणि रील्सवर क्लिप्स बघितल्या तर गायकाचा आवाज गेल्यासारखा वाटतो. जाऊ का राहू दे?

मेसेजमध्ये बँडचं नाव होतं आयर्न मेडन. बरं झालं, कारण या बँडवर मी तासभर बोलू शकतो. (काळजी नको, बोलणार नाही.) पण ‘जा’ किंवा ‘नको’ म्हणण्याआधी एक गोष्ट समजून घेऊ. पन्नास वर्षं चाललेल्या बँडच्या कॉन्सर्टमध्ये नेमकं काय काय बदलतं? सगळे फक्त आवाजाबद्दल बोलतात. आवाज हा त्यातला एक भाग झाला.

आधी ओळख, नवीन असाल त्यांच्यासाठी. पूर्व लंडनमध्ये १९७५ च्या नाताळात स्टीव्ह हॅरिस या बास वाजवणाऱ्या पोराने हा बँड सुरू केला. गायक ब्रूस डिकिन्सन आला १९८१ मध्ये. १९९३ ला तो बाहेर पडला, १९९९ ला परत आला. मुंबईशी या बँडचं नातं खास आहे. १ फेब्रुवारी २००८ ला त्यांची ‘समव्हेअर बॅक इन टाइम’ ही जगभराची टूर सुरू झाली ती थेट वांद्रे-कुर्ला संकुलातून. बँड, क्रू आणि सगळं सामान एकाच बोइंग ७५७ मधून आलं, आणि विमान चालवायला कोण? स्वतः ब्रूस. तो परवानाधारक पायलट आहे. ‘फ्लाइट ६६६’ नावाची डॉक्युमेंटरी याच टूरवर आहे, आणि तिच्या लाइव्ह अल्बममधलं ‘एसेस हाय’ हे गाणं मुंबईत रेकॉर्ड झालेलं आहे. म्हणजे त्या रेकॉर्डिंगमध्ये जो गलका ऐकू येतो तो आपल्या लोकांचा आहे!

हेच गाणं आज आपण धागा म्हणून धरू. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश वैमानिकांवरचं गाणं, १९८४ च्या ‘पॉवरस्लेव्ह’ अल्बममधलं. वेग तुफान, आणि कोरसमध्ये गायकाला वरच्या सप्तकात जाऊन तिथेच टिकून राहावं लागतं. गायकाचं वय तपासायला यापेक्षा चांगलं गाणं नाही.

पहिलं रेकॉर्डिंग : मार्च १९८५, कॅलिफोर्नियातलं लाँग बीच. ‘लाइव्ह आफ्टर डेथ’ अल्बम. ब्रूस तेव्हा २६ वर्षांचा. दुसरं मुंबईचं, वय ४९. तिसरा टप्पा २०१८, जेव्हा टूरची सुरुवातच या गाण्याने व्हायची आणि स्टेजवर डोक्यावर स्पिटफायर विमानाची भलीमोठी प्रतिकृती फिरायची. वय ५९. चौथा २०२५, पन्नाशीची ‘रन फॉर युवर लाइव्ह्ज’ टूर, वय ६६.

आता तुम्हाला वाटेल की १९८५ चं सगळ्यात भारी आणि पुढे घसरण. ऐकून बघा. लाँग बीचच्या रेकॉर्डिंगमध्ये ऊर्जा अफाट आहे, पण आवाज काही ठिकाणी चक्क दमलेला आहे. कारण सोपं आहे. त्या टूरमध्ये त्यांनी साधारण अकरा महिन्यांत १८० च्या वर कॉन्सर्ट केले होते. २६ वर्षांच्या घशालाही ते झेपत नाही. २०१८ चा ५९ वर्षांचा ब्रूस काही सूर जास्त स्वच्छ लावतो, असं माझं मत आहे. आणि त्यामध्ये २०१५ साल येऊन गेलेलं आहे : जिभेच्या मागच्या बाजूला कॅन्सर, रेडिएशन, केमो. अशा उपचारांनंतर घसा कोरडा पडण्याचा त्रास बऱ्याच जणांना होतो, आणि गायकासाठी कोरडा घसा म्हणजे काय ते गाणाऱ्यालाच विचारा. तरी २०१६ मध्ये हा माणूस पुन्हा टूरवर होता. यावेळी बोइंग ७४७ चालवत!

म्हणजे वय ही सरळ खाली जाणारी रेघ नाही. वयाबरोबर स्वरतंतूंची लवचिकता कमी होते, स्वरयंत्रातल्या कूर्चा कडक होत जातात, फुप्फुसांचा जोर घटतो, त्यामुळे एका दमात लांब सूर धरणं अवघड होतं. हे होतंच. पण त्याच वेळी गायक श्वास कुठे घ्यायचा, कुठला शब्द सोडून द्यायचा, कुठे जोर राखून ठेवायचा हे शिकत जातो. आणि मॅनेजमेंट शहाणं असेल तर वेळापत्रक बदलतं. २०२५ मध्ये युरोपात दोन-सव्वादोन महिन्यांत तीसेक कॉन्सर्ट होते, मध्ये विश्रांतीचे दिवस सोडून. १९८५ शी तुलना करा.

आता आवाज खरंच वर जाईना तेव्हा बँड काय करतात? सगळ्यात जुना उपाय आपल्याला चांगला माहितीय : पट्टी उतरवायची. आपल्याकडे गायक वयाप्रमाणे खालच्या पट्टीत गायला लागले तर कोणी नाकं मुरडत नाही. रॉकमध्येही तेच. गिटारची सगळ्यात जाड तार असते ‘ई’, म्हणजे पेटीवरची पांढरी तीन. ती अर्धा सूर उतरवली की झाली काळी दोन. मेटॅलिका नव्वदच्या दशकापासून लाइव्हमध्ये हेच करत आलाय. पण रॉकमध्ये याची एक किंमत असते. तारा सैल होतात, गिटारचा आवाज थोडा जाड, गडद होतो. ज्याने ते गाणं वीस वर्षं हेडफोनमध्ये ऐकलंय त्याला पहिल्या दोन सेकंदांत कळतं की काहीतरी वेगळं आहे. काय ते सांगता येत नाही, पण कळतं.

मेडनचं वैशिष्ट्य असं की त्यांनी जुनी गाणी मूळ पट्टीतच ठेवली. म्हणून ब्रूसचे काही सूर आता मोडतात तेव्हा ते लपत नाहीत. मला व्यक्तिशः हे आवडतं. मूळ सुरात गाऊन एखादी जागा निसटली तरी चालेल. तुमचं मत वेगळं असू शकतं, आणि मेटॅलिकाचा मार्गही तितकाच प्रामाणिक आहे.

दुसरा उपाय : गाणंच काढून टाकायचं. डीप पर्पलच्या इयन गिलनने ‘चाइल्ड इन टाइम’ गाणं गेली वीसेक वर्षं बंद केलंय. त्यातल्या किंकाळ्या विशीतल्या आवाजासाठी लिहिलेल्या होत्या. चाहते अजून मागतात, तो अजून नाही म्हणतो. तिसरा उपाय : लोकांना गायला लावायचं. आणि चौथा, ज्याबद्दल उघड कोणी बोलत नाही : आधी रेकॉर्ड केलेला आवाज मागून वाजवायचा. मागे कोरसचा, कीबोर्डचा ट्रॅक असेल तर माझी हरकत नाही. पण मुख्य गायक तोंड हलवतोय आणि आवाज दुसरीकडून येतोय, तर ते तिकिटाचे पैसे परत मागण्यासारखं आहे. इथे मी जरा कट्टर आहे, माफ करा.

लोकांनी गाण्याबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. मेडनचं ‘फिअर ऑफ द डार्क’ गाणं १९९२ चं. त्याच्या सुरुवातीला गिटारची एक धून आहे, शब्द नाहीत. आज ती धून हजारो लोक गिटारच्या बरोबरीने ‘ओ-ओ’ करत गातात. अल्बममध्ये हे नाही. १९९२ नंतर जन्मलेल्या पोराने ते गाणं बहुतेक आधी लाइव्हच ऐकलेलं असतं, आणि मग स्टुडिओतलं ऐकल्यावर त्याला वाटतं की काहीतरी राहिलंय. २००१ चं ‘रॉक इन रिओ’ ऐका, ब्राझीलमध्ये अडीच लाख लोकांसमोर झालेलं. तिथे गर्दी हे सरळ सरळ एक वाद्य आहे. पन्नास वर्षांत बँडमध्ये वादक बदलले, पण हे वाद्य दर वर्षी मोठं होत गेलं.

वादक बदलले म्हणालो, त्यावर येऊ. जुन्या चाहत्यांना सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट हीच आहे.

निको मॅकब्रेन १९८२ पासून मेडनचा ड्रमर. जानेवारी २०२३ मध्ये, वयाच्या ७० व्या वर्षी, त्याला स्ट्रोक आला. शरीराची उजवी बाजू, खांद्यापासून खाली, लुळी पडली. काही आठवड्यांच्या थेरपीनंतर तो त्याच वर्षीच्या टूरवर हजर झाला! चाहत्यांना हे ऑगस्टमध्ये कळलं, म्हणजे तोपर्यंत लोक त्याला वाजवताना बघूनही आले होते. पुढे त्याने स्वतःच मान्य केलं की काही जलद फिल पूर्वीसारखे जमत नाहीत. फिल म्हणजे दोन ओळींच्या मध्ये ड्रमर जी छोटी आतषबाजी करतो ती. तो त्या जागी साधं काहीतरी वाजवायचा आणि गाणं पुढे न्यायचा. ७ डिसेंबर २०२४ ला ब्राझीलच्या साओ पावलोमध्ये त्याने टूरमधून निवृत्ती घेतली. त्याच्या जागी सायमन डॉसन आला, स्टीव्ह हॅरिसच्या ‘ब्रिटिश लायन’ या दुसऱ्या बँडमधला.

आता हे समजायला थोडं तंत्र लागेल. मेडनचा ताल ओळखायची खूण म्हणजे घोड्याची चाल. एक लांब ठोका, दोन आखूड : टाक-टकटाक-टकटाक-टक. हॅरिस हे बासवर बोटांनी वाजवतो, पिकशिवाय, आणि तेही दोन तास. तो ६९ वर्षांचा होता २०२५ मध्ये. निको त्याच्याखाली एकाच पायाने, एकाच पेडलवर बास ड्रम मारायचा. मेटलमधले बाकीचे ड्रमर दोन पाय वापरत असताना हा एकावर. त्याच्या वाजवण्यात एक हलका डोल होता, ठोका किंचित पुढेमागे सरकायचा. डॉसन सरळ, नेटका वाजवतो. चूक काहीच नाही. पण ज्याने ४० वर्षं निकोला ऐकलंय, त्याचं शरीर एका ठिकाणी ठोक्याची वाट बघतं आणि ठोका केसाइतका दुसरीकडे पडतो.

मग हा तोच बँड आहे का? आमच्या इंजिनिअर भाषेत सांगायचं तर रेपॉझिटरी तीच आहे, कमिट करणारे बदललेत. सुरुवातीपासूनच्या प्रत्येक अल्बमवर दोनच माणसं आहेत : हॅरिस आणि गिटारिस्ट डेव्ह मरे. ज्याला ब्रूस म्हणजेच मेडन वाटतो, तोही मुळात दुसऱ्याच्या जागी आलेला आहे. पहिले दोन अल्बम पॉल डियानोने गायले होते. तेव्हाचे चाहते १९८२ मध्ये हाच प्रश्न विचारत होते.

सेटलिस्टकडे वळू, कारण भांडणं खरी इथे होतात. जुना चाहता दोन परस्परविरोधी गोष्टी मागतो. त्याला ठरलेली मोठी गाणी हवीत, आणि त्याच वेळी ‘ही गाणी किती वेळा ऐकायची?’ अशी तक्रारही असते. २००६ मध्ये मेडनने नवीन अल्बम, ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’, स्टेजवर पूर्णच्या पूर्ण वाजवला. बऱ्याच लोकांचा चेहरा पडला. २०२३ मध्ये उलटं झालं. ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ नाही, ‘रन टू द हिल्स’ नाही, पण १९८६ च्या अल्बममधलं ‘अलेक्झांडर द ग्रेट’ होतं, जे त्यांनी त्याआधी कधीही लाइव्ह वाजवलेलं नव्हतं. ३७ वर्षं! लोक त्या एका गाण्यासाठी देश ओलांडून गेले. आणि २०२५ मध्ये फक्त पहिल्या नऊ अल्बममधली गाणी, १९९२ पर्यंतची. म्हणजे नंतरच्या तीस वर्षांचं काहीच नाही. मला हे थोडं खटकतं. उतारवयात बँडने स्वतःचंच संग्रहालय व्हावं का? २०२१ च्या ‘सेंजुत्सू’ अल्बममधलं ‘हेल ऑन अर्थ’ हे त्यांच्या कुठल्याही जुन्या गाण्याच्या तोडीचं आहे, आणि पन्नाशीच्या सोहळ्यात त्याला जागा नव्हती.

‘एसेस हाय’ची जागा बघा म्हणजे अजून मजा कळेल. मुंबईत ते पहिलं होतं. २०१८ ला पहिलं. २०२२ मध्ये अगदी शेवटचं. २०२५ मध्ये एन्कोअरला. कारण त्यांनाच ठाऊक, पण ऐकणाऱ्याला फरक पडतो. सुरुवातीला आलं तर ताजा दम पण न तापलेला गळा. शेवटी आलं तर गळा मोकळा झालेला, पण अंगात दीड तासाचा थकवा.

२०२५ च्या उन्हाळ्यात मी कामासाठी जर्मनीत होतो, तेव्हा ही टूर बघितली. एक गोष्ट कुठल्याच क्लिपमध्ये दिसली नव्हती. मेडनचे स्टेजमागचे रंगवलेले पडदे प्रसिद्ध होते. प्रत्येक गाण्याला नवा पडदा, एडी नावाच्या त्यांच्या त्या भुतासकट. आता तिथे प्रचंड एलईडी स्क्रीन आहे. दिसायला जबरदस्त, प्रश्नच नाही. माझ्या शेजारी पन्नाशीतला एक जर्मन गृहस्थ होता, जाकिटावर ऐंशीच्या दशकातले बिल्ले शिवलेले. त्याला पडदा हवा होता. म्हणाला, पडदा वाऱ्याने हलायचा. बस, एवढंच म्हणाला. यामागे एक तांत्रिक मुद्दाही आहे. व्हिडिओ, दिवे, आगीचे फवारे हे सगळं गाण्याला बांधलं की त्या रात्री मनात आलं म्हणून गाणं बदलता येत नाही. बिल्ड फ्रीझ झाल्यावर शुक्रवारी संध्याकाळी कोणी नवीन फीचर टाकत नाही ना, तसंच. मेडन आधीपासूनच ठरलेली सेटलिस्ट वाजवणारा बँड, त्यामुळे त्यांचं फार नुकसान नाही. पण एकूणच जुने बँड जितके भव्य होतात तितके कमी लवचिक होतात.

गर्दीही बदलते. पूर्वी सकाळपासून रांगेत उभं राहून कठड्याला चिकटणारे आता बसायची जागा घेतात, गुडघ्यांमुळे. त्यांची मुलं पुढे उभी असतात. कानावर मोठे इअरमफ लावलेली सात-आठ वर्षांची पोरं बापाच्या खांद्यावर दिसली मला.

आणि फोन. या टूरच्या आधी बँडचा मॅनेजर रॉड स्मॉलवुड याने जाहीर विनंती केली होती की फोन खिशात ठेवा. म्हातारपणाची कुरकुर समजून सोडून देऊ नका, कारण श्रोत्याच्या मूळ प्रश्नाचं उत्तर इथे आहे. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो. मोठ्या कॉन्सर्टमध्ये आवाज १०० डेसिबलच्या आसपास किंवा वर जातो. फोन लगेच आवाजाची पातळी आपोआप दाबतो, खालचा बास जवळपास गिळतो, आणि शेजारच्या माणसाचं बेसूर ओरडणं गायकाच्या वर बसवतो. गायकाचा आवाज आधार हरवून उघडा पडतो. त्यात व्हायरल कुठली दहा सेकंदं होतात? जिथे सूर चुकला ती. उलट १९८५ चा अल्बम म्हणजे निवडून घेतलेलं, स्टुडिओत नीट मिक्स केलेलं रेकॉर्डिंग. आपण फोनवरची चुकलेली दहा सेकंदं आणि चाळीस वर्षांपूर्वीचं घासूनपुसून ठेवलेलं काम समोरासमोर ठेवतो आणि म्हणतो, आवाज गेला. टेस्टिंगमध्ये अशी तुलना मी केली तर लीड मला हाकलून देईल.

दुसरी बाजूही सांगायला हवी. माझा चुलतभाऊ, आमचा दादा, २००८ ला बीकेसीत होता. त्याच्यामुळे मी हा बँड ऐकायला लागलो. मी जर्मनीहून फोन केला, म्हटलं, दादा, पुढच्या वर्षी सुट्टी काढ, दोघं जाऊ. तो म्हणाला, ‘नाही रे. माझ्या डोक्यात तो मुंबईचा ब्रूस आहे, तोच राहू दे.’ मी वाद घातला नाही. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. काही लोकांसाठी तो एक कॉन्सर्ट म्हणजे त्यांची विशी असते, आणि तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड करायचं नसतं.

तर प्रश्न विचारणाऱ्या मित्रा, हे कर. रील्स बंद. चांगले हेडफोन घे आणि ‘एसेस हाय’ दोनदा ऐक, आधी लाँग बीच, मग मुंबई. गाण्यात फक्त वरचे सूर ऐकू नकोस. हॅरिसचं बास ऐक, लोकांचा आवाज ऐक. मुंबईचं ऐकताना अंगावर काटा आला तर तिकीट काढ, कारण तुला तो सूर नाही, ते ठिकाण हवंय, आणि ते अजून शाबूत आहे. आणि दोन्ही ऐकून तुला लाँग बीचचाच ब्रूस हवासा वाटला, तर पैसे वाचव, दादासारखा घरी बस. मात्र ‘बघू, पुढच्या टूरला जाऊ’ असं म्हणू नकोस. एरोस्मिथचे चाहते असंच म्हणत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये स्टीव्हन टायलरच्या गळ्याला झालेली दुखापत बरी होत नाही म्हणून बँडने टूर कायमची बंद केली. ऑझी ऑस्बर्नने ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅममध्ये सिंहासनावर बसून शेवटचा कॉन्सर्ट केला आणि सतरा दिवसांनी तो गेला. त्या मैदानात जे होते ते होते.

(उलट स्कॉर्पियन्सने २०१० मध्ये निरोपाची टूर जाहीर केली होती. ते अजून वाजवतायत.)

आणि हो, गेलास तर इअरप्लग ने. दहा-वीस रुपयांचे फोमवाले नकोत, संगीतासाठीचे मिळतात ते घे. पन्नास वर्षं स्टेजवर असलेली ही माणसं ऐकू येण्याच्या त्रासाने थांबतात. एसी/डीसीच्या ब्रायन जॉन्सनला २०१६ मध्ये कानांमुळेच टूर अर्ध्यात सोडावी लागली होती. आपले कान अजून बरेच बँड ऐकायचेत. चला, भेटू पुढच्या भागात.